नवखीच्या मागोमाग: स्वीडिश पोलीस मालिका कशी पाहावी

माझ्या तीन मैत्रिणींनी ही मालिका दुसऱ्याच भागात सोडली. तिघींची तक्रार एकच. "अगं, यात खून कुठाय?"

मालिकेचं नाव 'तुन्ना ब्लो लिन्येन', म्हणजे बारीक निळी रेघ. कल्पना सिला याकर्ट यांची. एसव्हीटी या स्वीडनच्या सार्वजनिक वाहिनीवर ती जानेवारी 2021मध्ये सुरू झाली. शहर माल्मो, देशाच्या अगदी दक्षिण टोकाचं. गस्तीवरच्या काही पोलिसांची ही गोष्ट, आणि त्यांच्यात नुकतीच दाखल झालेली सारा. तिचं काम अमांडा यान्सॉनने केलंय, आणि गाडीत तिच्या शेजारी बसणाऱ्या मॅग्नुसचं ऑस्कर टोरिंगेने.

मी याच माल्मोत राहते. वृद्धांच्या निवासात रात्रपाळी करते. पहिला सीझन मी तीन वेळा पाहिला. पहिल्यांदा गोष्ट कळली, दुसऱ्यांदा शब्द कळले, तिसऱ्यांदा माणसं. ज्या मैत्रिणींनी सोडली त्यांना मी परत बसवलं, शेजारी बसून काय बघायचं ते सांगितलं, आणि त्या शेवटपर्यंत गेल्या. तेच इथे लिहून ठेवते. सारासारखी नवखी पोलीस असलेली कुठलीही उत्तरेकडची मालिका बघायला घेतलीत, तरी हे उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तपास अधिकाऱ्याच्या मालिकेत आपण उत्तराची वाट बघतो. नवखीच्या मालिकेत उत्तर मिळत नाही, कारण तिलाच ते मिळत नाही. गस्तीवरचा पोलीस घरात शिरतो तेव्हा गोष्ट अर्धी झालेली असते, आणि तो बाहेर पडतो तेव्हाही ती अर्धीच असते. त्या बाईचं पुढे काय झालं, तो पोरगा घरी परतला का, हे पुढच्या कॉलच्या गडबडीत मागे पडतं. आपण कोड्याची तयारी करून बसलो तर कंटाळा येणारच. त्याऐवजी एकच प्रश्न घेऊन बसा: आज हिला काय येत नाहीये?

मूळ आवाज सोडू नका

डब केलेली आवृत्ती मिळत असली तरी ती घेऊ नका. खाली अक्षरं वाचायला लागतील, चार दिवस डोळे शिणतील, मग सवय होते. कारण या मालिकांमध्ये अर्धं काम आवाजात आहे. माल्मोच्या आसपासच्या प्रांताला स्कोने म्हणतात, आणि तिथली बोली स्टॉकहोमच्या भाषेपेक्षा फार वेगळी. 'र' घशातून येतो, स्वर लांबतात आणि मध्येच वळण घेतात. 1658पर्यंत स्कोने डेन्मार्कचं होतं, आणि तो शेजार अजून घशात राहिलाय. भाषावर्गात मला शुद्ध, सपाट, सावकाश स्वीडिश शिकवलं. नंतर निवासातल्या एका आजोबांनी मुलाला 'पोग' म्हटलं, तेव्हा मला वाटलं ते कुणाला तरी नावाने हाक मारतायत. इथे पोग म्हणजे पोरगा. स्थानिक आगगाडीचं नावसुद्धा 'पोगातोग' आहे.

स्वीडिश येत नसलं तरी हा फरक ऐकू येतो. कोण इथलं, कोण दुसरीकडून आलेलं, हे कान सांगतो. शहरात जवळपास जगभरातून आलेली माणसं राहतात, त्यामुळे एकाच जिन्यात चार तऱ्हेचं स्वीडिश ऐकू येतं. नवखी पोलीस दारात उभी राहते तेव्हा समोरचा कोणत्या स्वीडिशमध्ये उत्तर देतो आणि ती आपला वेग कमी करते का, याकडे कान द्या.

एक आवाज खास सांगते. इकडची माणसं, आणि उत्तरेकडची तर जास्तच, 'हो' म्हणताना श्वास आत ओढतात. नुसता फुस्सकन आत जाणारा आवाज. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं आजींना धाप लागली, मी धावले. त्या फक्त 'हो' म्हणत होत्या. मालिकेत कुणी असा श्वास घेतला तर दचकू नका, ते उत्तर आहे.

पहिला भाग न थांबवता बघा. काही सुटलं तरी सुटू द्या. वही दुसऱ्या वेळी काढायची.

'तू' आणि 'साहेब'

मराठी माणसाला इथे सगळ्यात जास्त सावध राहायला हवं. नवखी मुलगी आपल्या वरिष्ठाला नावाने हाक मारते. 'तू' म्हणते. वरिष्ठही तिला 'तू' म्हणतो. ती गुन्हेगाराला 'तू' म्हणते, ऐंशी वर्षांच्या आजीलाही 'तू'. आपल्या कानाला हे आधी उद्धट वाटतं, नाहीतर फार गोड, फार सलगीचं. दोन्ही चुकीचं.

स्वीडिशमध्ये हे नेहमी असं नव्हतं. पूर्वी इथे माणसाला थेट संबोधायचीच पंचाईत होती. 'नी' हा आदराचा वाटणारा शब्द होता, पण तो पदवी नसलेल्या माणसाला वापरायचा म्हणून त्यात कमीपणा होता. मग लोक समोरच्याला त्याच्याच हुद्द्याने, तिसऱ्या पुरुषात बोलायचे. "डॉक्टर कॉफी घेणार का?" असं डॉक्टरांनाच विचारायचं. आपण नाही का म्हणत, "साहेबांनी चहा घेतला का?" अगदी तसंच. हे मला भाषावर्गात सांगितलं तेव्हा वर्गात मी एकटीच हसले, कारण मला एकटीलाच ते घरचं वाटलं. 1967मध्ये ब्रूर रेक्सेद नावाचे गृहस्थ वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख झाले आणि त्यांनी जाहीर केलं की ते सगळ्यांना 'डू', म्हणजे 'तू' म्हणणार. लाट आधीच उठलेली होती, त्यांनी तिला चेहरा दिला. काही वर्षांत सगळा देश 'डू'वर आला. राजघराणं तेवढं उरलं. राजाशी बोलताना आजही 'राजा' असं तिसऱ्या पुरुषात म्हणतात.

म्हणजे या मालिकांमध्ये मान भाषेतून कळणार नाही. पण मान आहेच, तो दुसरीकडे शोधा. दारापुढे कोण आधी उभं राहतं? गाडी कोण चालवतं आणि शेजारी बसून रेडिओवर कोण बोलतं? घटनेनंतर संगणकापुढे बसून अहवाल कोण लिहितं? कॉफीच्या खोलीत कुणाच्या विधानानंतर शांतता पसरते? सारा नवी असताना कुठे बसते आणि महिन्यांनंतर कुठे बसते, हे बघत राहा. आपल्याकडे 'सर'मध्ये जे येतं, ते इथे खुर्चीच्या जागेत येतं.

हुद्द्यांचाही घोळ होतो. खाली अक्षरांत 'असिस्टंट' दिसलं की आपल्याला वाटतं कुणीतरी मदतनीस आहे. स्वीडनमध्ये 'पोलीसअसिस्टेंट' हा पूर्ण पोलीस असतो, शस्त्र आणि अधिकार असलेला. शिक्षण संपवून आलेला माणूस याच पदावर लागतो. आणि 'इन्स्पेक्टर' ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे ठाण्याचा प्रमुख उभा राहतो. इथे ते पद अनुभवाच्या वर्षांनी मिळतं. गस्तीच्या गाडीतला, बूट चिखलात बुडवून उभा असलेला माणूसही इन्स्पेक्टर असू शकतो.

नवखी म्हणजे किती नवखी, तेही माहीत असू द्या. पोलीस शिक्षण पाच सत्रांचं, म्हणजे अडीच वर्षांचं. त्यात शेवटचे सहा महिने 'आस्पिरांट' म्हणून प्रत्यक्ष कामावर: गणवेश असतो, पगार असतो, आणि शेजारी एक अनुभवी मार्गदर्शक असतो. शिक्षण मोजक्याच ठिकाणी मिळतं, त्यात 2019पासून माल्मोही आहे. तेव्हा या मुलीला कायदा येतो, पकड येते, गोळी चालवता येते. येत नसतं ते हे, की दार उघडून समोर आलेल्या माणसाकडे किती वेळ बघायचं.

वहीत लिहायचे शब्द

दुसऱ्या वेळी बघताना वही घ्या. फार शब्द नकोत. तीन पुरेत, कारण खालची अक्षरं या तिन्हींचा 'अटक' असा एकच गोळा करतात, आणि मग कथेतलं घड्याळ बंद पडतं.

पहिला 'ग्रीपेन'. पोलिसांनी जागेवर पकडलेला. हा निर्णय गस्तीवरचा पोलीस घेऊ शकतो, आपली नवखीसुद्धा. खरं तर तुरुंगाची शिक्षा असलेला गुन्हा करताना किंवा करून पळताना कुणी सापडला तर साधा नागरिकही त्याला धरून ठेवू शकतो, फक्त त्याला ताबडतोब पोलिसांच्या हवाली करावं लागतं.

दुसरा 'आनहोलेन'. इथे पोलिसांचा अधिकार संपतो. आत ठेवायचं की सोडायचं ते 'ओक्लागारे' ठरवतो, म्हणजे सरकारी वकील. गंभीर गुन्ह्यात तपासाची सूत्रंही त्याच्याकडेच असतात. मालिकेत कुणी वैतागून फोनकडे बघत बसलेलं दिसलं, तर बहुधा तो या वकिलाची वाट बघत असतो.

तिसरा 'हेक्ताद'. कोर्टाने कोठडीत पाठवलेला. आनहोलेन केल्यापासून तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत सरकारी वकिलाने कोर्टाकडे कोठडीची मागणी करायला हवी, आणि पकडल्यापासून चार दिवसांच्या आत सुनावणी व्हायला हवी. नाहीतर माणूस सुटतो. आणि स्वीडनमध्ये पैसे भरून जामीन हा प्रकारच नाही. हे लक्षात ठेवा, नाहीतर तुम्ही मनातल्या मनात जामिनाची वाट बघत राहाल. खटला दाखल होण्याआधी कोठडी किती लांबू शकते याला पूर्वी ठरावीक मर्यादाच नव्हती. 1 जुलै 2021पासून प्रौढांसाठी ती साधारण नऊ महिने आणि अठराच्या आतल्यांसाठी तीन महिने झाली.

आता हे तीन शब्द मालिकेवर ठेवून बघा. नवखी फक्त पहिल्या शब्दापाशी असते. ती धावते, पकडते, धापा टाकत गाडीत बसवते, ठाण्यात पोहोचवते. पुढचे दोन शब्द दुसऱ्या खोल्यांमध्ये, दुसऱ्या लोकांच्या सहीने घडतात. भागाच्या शेवटी तोच माणूस रस्त्यावर मोकळा दिसला तर ती चिडते, आणि आपणही चिडतो. त्या चिडीत उतरा, पण घड्याळही बघा.

अटक न करता चौकशीसाठी नेलेल्या माणसालाही वेळेची हद्द आहे: सहा तास, आणि संशयित असेल तर गरज पडल्यास आणखी सहा.

यापुढचे दोन शब्द मला कायद्यापेक्षा माणसांसाठी आवडतात. पहिला 'ऊरूसआनमेलान'. 'ऊरू' म्हणजे काळजी, मनाची घालमेल. 'आनमेलान' म्हणजे नोंद, तक्रार. घरात भांडण झालं, पोलीस गेले, आणि तिथे मूल होतं, तर ते मूल धोक्यात असल्याच्या नुसत्या शंकेवरही पोलिसांना समाजसेवा खात्याकडे ही नोंद पाठवावीच लागते. खालच्या अक्षरांत 'रिपोर्ट' एवढंच येतं. मूळ शब्दात मात्र काळजी आधी येते आणि नोंद नंतर. पलंगाखाली किंवा जिन्यात मूल दिसलं, की नवखीच्या चेहऱ्यावर बघा. ती हीच नोंद मनात लिहायला लागलेली असते. मालिका आली तेव्हा इथे पंधराच्या आतल्या मुलाला गुन्ह्याची शिक्षा होत नसे, त्यामुळे लहान पोरं सापडली की गोष्ट ठाण्यातून समाजसेवेकडे वळते.

दुसरा शब्द आहे 'उम्हेन्डेर्तागान्दे', सांभाळण्यासाठी हातात घेणं. रस्त्यात दारू पिऊन पडलेल्या माणसासाठी 1976चा एक कायदा आहे. त्यानुसार तो गुन्हेगार नाही. त्याला उचलून आणायचं, शुद्धीवर येईपर्यंत ठेवायचं, लक्ष ठेवायचं, आणि सोडायचं. कोठडीचं दार तेच, पलंगही तसाच टणक, पण कारण वेगळं. मी रोज माणसांना उचलते, कूस बदलते, श्वास ऐकते. त्यामुळे नवख्या मुलीचा हात पहिल्यांदा अशा जड शरीराखाली जातो तेव्हा मला तिचा खांदा बघवत नाही. ती चुकीच्या जागी जोर लावते. सगळेच आधी तसाच लावतात.

डोळे मिटून ऐका

गाडीतल्या रेडिओचा आवाज अनेकजण पार्श्वसंगीतासारखा सोडून देतात. नका सोडू. त्या आवाजाला चेहरा नसतो, पण सगळा पट त्याच्या हातात असतो. स्वीडनमध्ये 112 लावलं की फोन आधी आपत्कालीन केंद्रात जातो, आणि पोलिसांचं काम असेल तर पोलिसांच्या विभागीय नियंत्रण कक्षाकडे. तिथून गाडीला निरोप येतो. (घाई नसलेल्या गोष्टींसाठी वेगळा क्रमांक आहे, 114 14.) 2015च्या 1 जानेवारीला देशातली 21 जिल्हा पोलीस दलं मोडून एकच राष्ट्रीय पोलीस संस्था झाली आणि तिचे सात विभाग केले, माल्मो दक्षिण विभागात येतं.

एखाद्या भागातला गाडीतला प्रसंग दोन मिनिटं डोळे मिटून ऐका. निरोप किती थोड्या शब्दांत येतो बघा: पत्ता, मजला, काय ऐकू आलं, कोणी फोन केला. आणि काय नसतं ते बघा: आत कोण आहे, किती जण, हातात काय. एवढ्याशा माहितीवर ती जिना चढते. मला वाटतं या मालिकांमधली खरी भीती या गाळलेल्या जागांमध्ये आहे. पिस्तूल बाहेर येतं तेव्हा उलट ती कमी होते, कारण तोवर काय आहे ते दिसलेलं असतं.

दार

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, ते.

इथल्या जुन्या इमारतींमध्ये घराच्या दारालाच टपाल टाकायची फट असते, कमरेच्या खाली, पितळी किंवा लोखंडी झाकणाची. जिन्यातला दिवा बटण दाबल्यावर लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. लोक बूट दारातच काढतात, आपल्यासारखेच. पोलीस मात्र बूट घालून आत येतात, आणि प्रत्येक वेळी त्या बुटांकडे घरातल्या माणसाची एक नजर जाते. या तीन गोष्टी लक्षात ठेवून कुठलाही दाराचा प्रसंग परत बघा. तो निम्म्याने मोठा होतो.

मी राहते त्या जिन्यात वरच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ राहायचे. एका नोव्हेंबरात दोन दिवस त्यांचं वर्तमानपत्र फटीतच अडकून राहिलं. मी घंटा वाजवली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण दार उघडेना. मी विचारलं तर आतून काहीतरी ओरडले, मला कळलं नाही. शेवटी फोन केला. दोन पोलीस आले. एक पन्नाशीचे, आणि एक मुलगी, वीस-बावीसची असेल, केस घट्ट बांधलेले, कमरेचा पट्टा अजून नवा करकरीत.

मला वाटलं मोठे पुढे होतील. ते झाले नाहीत. ते दाराच्या बाजूला, भिंतीला लागून उभे राहिले आणि जिन्याच्या दिव्याच्या बटणावर हात ठेवून थांबले. दिवा विझायला आला की ते परत दाबायचे. एवढंच त्यांचं काम. मुलगी गुडघ्यांवर बसली, फटीचं झाकण वर धरलं आणि बोलायला लागली. आधी फार जोरात बोलली. आतून काही नाही. मग तिने आवाज खाली घेतला. नाव सांगितलं. वर्तमानपत्राबद्दल विचारलं. बाहेर पाऊस आहे म्हणाली. मग गप्प बसली, आणि ती गप्प बसली ते मला फार लांब वाटलं. मी मनात म्हणत होते, अगं बोल काहीतरी. तेवढ्यात ती म्हणाली, "या गोर इंगेनस्तान्स." मी कुठेही जात नाहीये.

वीसेक मिनिटांनी कडी वाजली. ते पडले होते, लाज वाटत होती, मदत नको होती. रुग्णवाहिका आली, आणि ते नंतर बरे होऊन परतले.

त्या रात्री कामावर जाताना माझ्या डोळ्यांपुढे ती मुलगी कमी आणि ते पन्नाशीचे गृहस्थ जास्त येत होते. वीस मिनिटं त्यांनी एक शब्द काढला नव्हता. त्यांना ते पाच मिनिटांत जमलं असतं, मला खात्री आहे. त्यांनी ते तिच्याकडून होऊ दिलं.

तेव्हापासून मी मालिका बघते ती त्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे डोळे ठेवून. तुम्हीही बघा. कॅमेरा नवखीवर असतो, साहजिक आहे. पण चौकटीच्या कडेला, थोडा अस्पष्ट, जोडीदार असतो. तो कधी पुढे येतो? तिचं वाक्य अडखळल्यावर लगेच की तीन श्वासांनी? तिला मध्येच तोडतो का? खांद्यावर हात ठेवतो की नुसता जवळ सरकतो? चांगल्या लिहिलेल्या मालिकेत हे अंतर भागागणिक बदलत जातं, आणि कुणीही ते बोलून दाखवत नाही.

शहर

माल्मोचा नकाशा एकदा बघून ठेवा. मोलेवोंगेनचा चौक, लोक ज्याला नुसतं 'मोलान' म्हणतात. रूसेनगोर्डच्या उंच वसाहती. पश्चिमेला बंदराच्या जुन्या जागेवर 2005मध्ये उभा राहिलेला 190 मीटरचा पिळवटलेला मनोरा. समुद्रापलीकडे कोपनहेगन, आणि मध्ये 2000मध्ये खुला झालेला ओरेसुंद पूल. बाहेरच्या बातम्यांमुळे या शहराची एक काळी प्रतिमा झाली आहे. मी मोलानच्या चौकातून पहाटे पाचला सायकलने घरी येते. मालिका जे दाखवते ते खोटं नाही, पण पोलिसाच्या गाडीतून शहराचा जो भाग दिसतो तोच ती दाखवते. वृद्धनिवासाच्या खिडकीतून दुसरा दिसतो. दोन्ही इथलेच.

बर्फाची वाट बघू नका. उत्तरेकडची मालिका म्हणजे पांढरं शेत, असं डोक्यात असेल तर ते काढा. इथे हिवाळा म्हणजे वारा, ओल आणि काळोख. डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेतीन-पावणेचारला जातो. काळोखी प्रसंग रात्रीचाच असेल असं नाही, दुपारचे चार वाजले असतील. शाळेतून परतणारी मुलं दिसली की वेळ ओळखता येते.

नवखी आणि बाई

माझी एक मैत्रीण पूर्ण सीझनभर वाट बघत होती की साराला बाई म्हणून कोण त्रास देतो. ती अपेक्षा जरा बाजूला ठेवून बघा. स्वीडनमध्ये बायका पोलिसात 1908पासून आहेत. स्टॉकहोममध्ये तिघींना 'पोलीस भगिनी' म्हणून घेतलं होतं. रस्त्यावरच्या गस्तीपर्यंत पोहोचायला मात्र त्यांना 1950च्या दशकाचा शेवट उजाडला. आज पोलिसांमध्ये साधारण एक तृतीयांश बायका आहेत. म्हणून गाडीत बाई असणं ही इथे घटना नाही. घटना आहे ती नवी असणं. दोन्हींचा गुंता होतोच, पण आधी नवेपण बघितलं तर बाईपण कुठे वेगळं पडतं ते नेमकं दिसतं: झडती घेताना, घाबरलेली बाई फक्त हिच्याशीच बोलायला तयार होते तेव्हा, आणि घरी परतल्यावर.

एका रात्री एकच भाग. हा माझा हट्ट आहे असं समजा. हे जवळपास तासाभराचे भाग आहेत आणि प्रत्येकात चार-पाच अनोळखी घरं येऊन जातात. लागोपाठ पाहिले तर ती घरं एकमेकांत मिसळतात, आणि ज्यांचा शेवट कळला नाही ती माणसं आधी विसरली जातात. मी भाग संपल्यावर वहीत एकच ओळ लिहायचे: आज कोण अर्धवट राहिलं.

ही पाहून झाली की डेन्मार्ककडे वळा. 'आना पील' ही टीव्ही 2ची मालिका जुनी आहे, 2006 ते 2008, तीन सीझन. कोपनहेगनच्या बेलाहोय ठाण्यात आलेली तरुण पोलीस, लहान मुलाची एकटी आई. काम शार्लोट मुंक यांनी केलंय. ती बघताना एक घड्याळ बदला: डेन्मार्कच्या राज्यघटनेनुसार पकडलेल्या माणसाला 24 तासांत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं. त्यामुळे तिथे घाई जास्त. नॉर्वेची एखादी जुनी मालिका घेतलीत तर पट्ट्याकडे बघा. तिथले पोलीस वर्षानुवर्षं सहसा पिस्तूल अंगावर बाळगत नसत, ते गाडीत कुलपात असायचं. दारापुढे उभ्या असलेल्या नवखीच्या कमरेला ते नाही, हे कळलं की तिचं एक पाऊल मागे सरकणं वेगळं दिसतं.

आणि सीझन संपला की पहिल्या भागाची पहिली वीस मिनिटं परत लावा. या वेळी खालची अक्षरं बंद करा. आता तुम्हाला माणसं माहीत आहेत, शब्द थोडे माहीत आहेत, रेडिओचा सूर माहीत आहे. माझ्या त्या तिघींपैकी एकीने असं केलं आणि मला रात्री कामावर असताना फोन केला. म्हणाली, "अगं, हिला गाडीत कुठे बसायचं तेसुद्धा कळत नाहीये. पहिल्यांदा मला हे दिसलंच नव्हतं."